गाडी सोडायची नाही

आल्हाद ती गोष्ट सांगत होता तेव्हा यशश्री मठ्ठ्याचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. गोष्ट तिला पाठ होती. ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून त्याने ती कुणाकुणाला सांगितली होती. सातपूरच्या कंपनीतल्या मित्रांना, तिच्या चांदवडच्या काकांना, गंगापूर रोडवरच्या या सोसायटीच्या गणपतीत, एकदा तर केस कापता कापता न्हाव्यालासुद्धा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ऐकणारे कुठे हसणार, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. आज ऐकायला त्याची मामेबहीण श्यामला होती आणि तिचा होणारा नवरा संतोष होता. लग्नानंतर त्या दोघांनाही तसंच ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, वर्षभर हिंडायचं, मिळेल ते काम करायचं, आणि त्याबद्दल विचारायला ती दोघं रविवारी जेवायला आली होती. आल्हाद गाडी बंद पडली तिथपर्यंत आला होता. मसालेभाताचा घास हातात तसाच धरून तो म्हणाला, "मग मी निघालो चालत. चालतोय, चालतोय, शेवटी एक द्राक्षमळा लागला. आत गेलो, मालकाला सांगितलं, गाडी बंद पडलीय, बायको गाडीत बसलीय. तो म्हणतो, बसू दे तिला, माझी माणसं आज आली नाहीत, तू आधी द्राक्षं तोड." संतोष मोठ्याने हसला. श्यामलाही हसली. यशश्रीने पातेलं टेबलावर ठेवलं ते जरा जोरातच ठेवलं गेलं आणि मठ्ठा कडेवरून सांडला.

फडकं आणायला ती परत आत गेली. ओट्यापाशी आल्यावर तिला फडकं समोर दिसत होतं, पण हात त्याच्याकडे जात नव्हता. बायको गाडीत बसलीय. हे वाक्य गोष्टीत याआधी कधीच नव्हतं. आतापर्यंत गोष्ट अशी असायची की आल्हाद मळ्यात शिरला, मालक म्हणाला माणूस हवाय, हा म्हणाला मी आहे की, आणि दिवसभर तोडणी करून तो संध्याकाळी ऐटीत परत आला. यशश्री गोष्टीत शेवटी यायची. "आणि ही बाई गाडीत मस्त झोपलेली!" तिथे लोक हसायचे, तिच्याकडे बघायचे, आणि तीही हसायची. ते हसणं तिला जमून गेलं होतं. आज त्याने मधेच, कुणी विचारलेलं नसताना, ते वाक्य घातलं होतं, आणि इतक्या सहज की बाहेर अजून पुढची गोष्ट चालू होती आणि संतोष विचारत होता की तिथली द्राक्षं आपल्या नाशिकसारखीच असतात का.

जायची कल्पना आल्हादचीच होती. तो सातपूरला एका कारखान्यात डिझाइनला होता आणि ती कॉलेजरोडला एका क्लासमध्ये गणित शिकवायची. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिशीच्या आतल्या तरुणांना तिकडे वर्षभर हिंडत काम करता येईल असा व्हिसा भारतीयांसाठी निघाला, त्याची सोडत होती, दोघांनी गंमत म्हणून अर्ज भरले आणि दोघांचीही नावं लागली. आल्हादने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. वडील त्याला म्हणाले की इंजिनिअर होऊन तू परक्याच्या शेतात राबायला चाललास, आणि त्यावर तो त्यांच्याशी निघेपर्यंत बोलला नाही. यशश्रीची आई चांदवडहून आली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आपल्याकडं पेठ-सुरगाण्याची माणसं येतात ना गं द्राक्षाला, तेच काम ना?" तेव्हा यशश्रीला तिचा राग आला होता. तेच काम कसं असेल, असं तिला वाटलं होतं. ती माणसं टेम्पोत उभी राहून येतात, आपण विमानाने जाणार, पाठीवर सॅक, मनात आलं तर राहायचं, नाही तर पुढे निघायचं. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट बघत बसलेल्या बायका तिने कितीदा गाडीच्या काचेतून पाहिल्या होत्या. त्या कुणाची वाट बघतात, कुणी आलं नाही तर काय करतात, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं.

तिथे गेल्यावर काम मिळेना. मरे नदीच्या काठची फळांची गावं, उंच गोदामं, रुंद मोकळे रस्ते, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, स्वतःची गाडी आहे का. मळे गावापासून लांब, बस नाही, म्हणून गाडी. परत आपल्या देशी निघालेल्या दोन फ्रेंच पोरांकडून त्यांनी एक जुनी लांबलचक गाडी घेतली. मागच्या भागात गादी टाकलेली, रंग कधीतरी हिरवा असावा असा. गाडी आली आणि काम मात्र आणखी लांब पळालं. चेरीच्या मळ्यात पोचले तर पावसाने चेरी फुटल्या होत्या. जर्दाळूला पोचले तर तोडणी आटपली होती. फोन केला की पुढच्या आठवड्यात या म्हणायचे आणि पुढच्या आठवड्यात कुणी फोन उचलायचं नाही. गाडी तापायची. घाटात नाही, चढावर नाही, सपाट रस्त्यावर, चालता चालता काटा वर चढायचा आणि गोडसर, जळकट वास आत यायचा. त्या फ्रेंच पोरांनी एक युक्ती सांगून ठेवली होती, काटा वर जायला लागला की हीटर पूर्ण लावायचा, म्हणजे इंजिनाची धग आत ओढली जाते आणि इंजिन थोडं निवतं. बाहेर चाळीसच्या वर ऊन आणि गाडीत हीटर. यशश्री पाय सीटवर वर घेऊन बसायची, कारण खालून येणारी हवा पोटऱ्या भाजायची. आल्हाद काट्यावरून नजर काढायचा नाही. बोलायचाही नाही. नाशिकमध्ये तो किती बोलायचा. तिथे तो फोनवर अनोळखी माणसांशी बोलताना आवाज बारीक करून येस सर, नो प्रॉब्लेम सर म्हणायचा, फोन ठेवला की स्टीअरिंगवर हाताची मूठ आपटायचा, आणि मग तिच्याकडे असं बघायचा की हे सगळं पाहायला तू इथे कशाला आहेस. तिला ते कळायचं. ती बाहेर बघायची. एकदा तो म्हणाला की एकट्या माणसाला काम पटकन मिळतं, जोडप्याला दोन पलंग लागतात. तो हे तक्रारीने म्हणाला नव्हता, फक्त एक माहिती दिल्यासारखं म्हणाला होता.

त्या दिवशी सकाळीच गाडी बंद पडली. मुख्य रस्ता सोडून ते खडीच्या वाटेला लागले होते, कारण पलीकडे मळे आहेत असं पेट्रोलपंपावर कुणीतरी म्हणालं होतं. दोन्हीकडे राखाडी झुडपं, लाल माती, आणि लांब कुठेतरी झाडांची एक काळी रेघ. काटा लाल पट्टीच्या पार गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी आपली आपण थांबली. आल्हादने वाफ निवेपर्यंत वाट पाहिली आणि पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. यशश्री म्हणाली थोडं राहू दे, तर म्हणाला गाडी चालू झाली तर पाणीच पाणी. पाणी खालून मातीत गळून गेलं. फोनला रेंज नव्हती. तो म्हणाला, मी त्या झाडांपर्यंत जाऊन येतो, झाडं आहेत म्हणजे वस्ती असणार. तीही उठली तेव्हा त्याने तिला थांबवलं. "तू थांब. गाडी सोडायची नाही, इथे सगळे हेच सांगतात. माणूस सापडत नाही, गाडी सापडते." ते खरंच होतं, तसे फलकही त्यांनी वाटेत पाहिले होते. उरलेली अर्धी बाटली त्याने तिच्याजवळ ठेवली आणि टोपी घालून तो निघाला. पाठमोरा चालताना तो बराच वेळ दिसत राहिला, मग हवा हलायला लागली आणि त्यात तो वितळल्यासारखा नाहीसा झाला.

पुढचं तिला सलग आठवत नाही. सावली गाडीच्या एका बाजूला होती, तिथे ती बसली. सावली आखडत गेली तशी ती चाकाला टेकून आत आत सरकली आणि दुपारी सावली नुसती गाडीखाली उरली, तेव्हा ती ओढणी मातीवर टाकून अर्धी गाडीखाली शिरून आडवी झाली. वर तेलाचा वास, तापलेलं लोखंड. डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या बसायच्या, तिथलं ओलं प्यायला. पहिल्यांदा ती हाकलायची, मग तिने सोडून दिलं. पाणी केव्हा संपलं ते कळलं नाही. घोट घेताना ती आल्हादसाठी ठेवत होती. तो येईल तेव्हा तहानलेला असेल, असं. आणि तो येत नव्हता. झाडं एवढी लांब नव्हती. मग तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली, तो कुठेतरी पडला असणार. उन्हाने चक्कर येऊन, नाही तर साप. तिने त्याला त्या झुडपांत पडलेला पाहिला, अगदी स्पष्ट, एक चप्पल निघालेली. वास्तविक त्याच्या पायात बूट होते. ती रडली नाही, रडायला काही येतच नव्हतं. ती हिशोबाने विचार करत गेली की आता सासूबाईंना फोन आपण करायचा की दिराला आधी सांगायचं, त्या फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं, आणि तो वडिलांशी न बोलताच निघून आला हे त्यांना आयुष्यभर कसं पेलेल. तिने तो फोन मनात पुन्हा पुन्हा केला. दुपारभर ती त्याच्यासाठी विधवा झाली होती. स्वतः मरू असं तिला वाटलं नाही, किंवा वाटलं असेल, पण त्या पहिल्या दुःखापुढे ते मागे राहिलं. मग जीभ जाड झाली, तोंडात मावेना, आणि चांदवडच्या घरामागे आई कांद्याच्या चाळीत काहीतरी निवडते आहे आणि हाक मारूनही मान वर करत नाही, असं बराच वेळ दिसत राहिलं.

संध्याकाळी टपावर कुणीतरी थाप मारली. खडी वाजली, दारं वाजली, आणि कुणीतरी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. आल्हाद होता. मळ्यावरचा एक माणूस त्याला छोट्या ट्रकमधून घेऊन आला होता. आल्हादचा चेहरा उजळलेला, हात काळेनिळे चिकट झालेले, आणि तो तिला हलवून हलवून म्हणाला, "यशू, काम मिळालं!" ती त्याच्या गळ्यात पडली. तो जिवंत होता, एवढंच तिला कळलं. त्या आनंदासारखा आनंद तिला त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही. त्याच्या शर्टाला घामाचा आणि द्राक्षाचा आंबूस वास होता आणि तोंडाला कांदा घातलेल्या कुठल्याशा जेवणाचा. तिला तो वास आला, लक्षातही राहिला, पण त्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही. ट्रकमधून मळ्यावर पोचायला किती थोडा वेळ लागला. रेडिओवर एक गाणं लागलं होतं, ते संपायच्या आत ते फाटकातून आत शिरले.

अर्थ दुसऱ्या दिवशी लागला. मालकाची बायको, नोरीन नावाची, साठीच्या आसपासची, तिच्यासाठी साखर-मीठ घातलेलं पाणी घेऊन कामगारांच्या खोलीत आली. खोलीत पलंग एकच होता, दुसरी गादी जमिनीवर टाकली होती. नोरीनने विचारलं, तू कधी आलीस, कुठून आलीस. यशश्रीने सांगितलं की काल दिवसभर मी गाडीत होते, तिकडे खडीच्या वाटेवर. नोरीनला वाटलं इंग्रजी समजण्यात चूक होते आहे. तिने पुन्हा विचारलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली. तिचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. ती सावकाश म्हणाली की काल दुपारी तुझा नवरा आमच्या टेबलावर जेवला. मी त्याला विचारलं होतं, एकटाच आहेस का. तो हो म्हणाला. संध्याकाळी, काम संपल्यावर, माझ्या नवऱ्याला, बिलला, त्याने सांगितलं की बायको पण आहे, चालेल का. "तू तिथे बसलीयेस असं कुणी मला सांगितलं असतं," नोरीन म्हणाली, "तर मी हातातला चमचा ठेवून गाडी काढली असती." एवढं बोलून तिने यशश्रीच्या गुडघ्यावर हात ठेवला. यशश्रीला त्या हाताची लाज वाटली. तिने घाईने म्हटलं की त्याला भाषेचा प्रॉब्लेम आहे, घाबरतो तो. आल्हादचं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं होतं.

तिने त्याला कधीच विचारलं नाही. आधी अंगात त्राण नव्हतं, मग काम सुरू झालं आणि कामात विचारायला जागा नव्हती, कात्री, क्रेट, वाकलेली पाठ, बोटांना झोंबणारा रस. मग हंगाम संपला, मळ्यावरच्या माणसाने रेडिएटरची फाटकी नळी बदलून दिली आणि ते पुढे निघाले, ती शेजारी पाय वर घेऊन बसली, काटा बघत. न विचारता राहायचं तर काहीतरी धरून राहायला लागतं, तसं तिने धरलं. उन्हाने त्याचं डोकं चाललं नसेल. समोर काम दिसलं आणि बाकी सगळं पुसलं गेलं असेल, असं होतं माणसाचं. नोरीनच्या प्रश्नावर तो न समजता मान हलवून गेला असेल. त्याच्या हातून काय झालं हे त्याला ठाऊकच नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यावर राग कसा धरायचा. नाशिकला आल्यावर तो ती गोष्ट हसत हसत सांगायचा तेव्हा तिला उलट बरंच वाटायचं. मनात काही असतं तर असा हसला असता का. हे सगळं तिने इतके महिने सांभाळलं होतं, आणि आता ओट्यापाशी उभं राहून तिला दिसत होतं की तो ते वाक्य नेमकं कुठे घालायचं ते विसरला नव्हता. त्या जागी काय नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. श्यामला समोर होती म्हणून असेल, बहीण आहे, उद्या ती तशाच गाडीत बसणार, म्हणून त्याला एकदम ती जागा झाकावीशी वाटली असेल. इतके महिने तो तिच्याशेजारी झोपत होता आणि त्याला ठाऊक होतं.

"वहिनी, फडकं सापडलं का?" श्यामला दारात उभी होती, हातात उष्टी ताटं. ती ताटं ठेवून ओट्याला टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, दादा हसतोय पण मला भीतीच वाटली ऐकताना, तो मालक किती दुष्ट असेल, बाई गाडीत आहे म्हटल्यावरही. यशश्रीने फडकं नळाखाली ओलं केलं आणि नळ बंद केला. मालक दुष्ट नव्हता, ती म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, पाण्याचं, गाडीखालचं, नोरीनचं. तिला वाटलं होतं आवाज कापेल. आवाज वर्गात गणित सोडवून दाखवावं तसा एकसारखा येत राहिला. बाहेर आल्हाद आणि संतोष जुन्या गाड्यांबद्दल बोलत होते, कुठली घ्यावी, कुठली घेऊ नये. श्यामलाच्या हाताला भात लागलेला होता तो तिथेच वाळत गेला. मग तिने विचारलं, आणि त्यात दोष देण्याचं काही नव्हतं, तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मग तू परत त्याच्याच गाडीत का बसलीस?"

"दुसरी गाडी नव्हती," यशश्री म्हणाली.

बोलून झाल्यावर ते तिला ऐकू आलं. एवढंच होतं ते. प्रेम, समजूत, संसार, असं काय काय तिला वाटत आलं होतं आणि उत्तर मात्र एवढंच निघालं. श्यामलाने हात धुतले, फडक्याला नाही, ओढणीलाही पुसले नाहीत, तसेच ओले ठेवले आणि ती बाहेर गेली.

थोड्या वेळाने ती दोघं निघाली. संतोष आणखी थांबायला तयार होता, कॉफी घेऊया म्हणत होता, पण श्यामला चप्पल घालून उभी राहिली. यशश्री गॅलरीत आली. खाली पार्किंगमध्ये संतोषने गाडीचं दार उघडलं, आत बसला, काच खाली केली. श्यामला दाराशी उभी राहून वाकून त्याला काहीतरी विचारत होती. तो हसत होता, मग हसायचा थांबला. आल्हाद मागून येऊन कठड्याला रेलला आणि म्हणाला, पोरगी एकदम गप्प का झाली, काय सांगितलंस तिला एवढं.

"तू त्यांना सांगितलं होतंस, मी गाडीत आहे म्हणून?" यशश्रीने विचारलं. इतक्या महिन्यांनी विचारायला इतके थोडे शब्द लागले.

त्याने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली, बोट बघितलं. हो म्हणेल, असं तिला वाटलं, आणि तो हो म्हणाला तर आपण काय करू हे तिला कळेना. पण तो हो म्हणाला नाही.

"एकच जागा होती गं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर त्यांनी आधी तुला आणायला पाठवलं असतं, आणि मग दोघांनाही वाटेला लावलं असतं. मला वाटलं, एक दिवस काढेल ती. आणि काढलास ना तू." मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "तू काय केलं असतंस माझ्या जागी?"

तिने खरोखर विचार केला. त्या दुपारी बाटलीतला एकेक घोट ती कुणासाठी ठेवत होती ते तिला आठवलं, पण ते त्याला सांगावंसं वाटलं नाही. सांगितलं असतं तर तो रडला असता, माफी मागितली असती, आणि तिला त्याला जवळ घ्यावं लागलं असतं. ती आत गेली. कपाटातून चार कपडे काढून तिने पिशवीत भरले, चार्जर घेतला. तो खोलीच्या दारात येऊन उभा होता. मी चांदवडला जाते, ती म्हणाली. तो लगेच म्हणाला की थांब, किल्ली घेतो, सोडायला येतो, उन्हाचं कशाला.

"नको. एसटीने जाईन."

तो दारातून बाजूला झाला. ठक्कर बाजारच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली नाही, ती एका म्हातारीच्या आणि तिच्या पाटीच्या मधे अंग चोरून बसली. शहर मागे पडलं तसे द्राक्षाचे मळे सुरू झाले, वेलींवर प्लास्टिकचे कागद ताणलेले, खाली वाकलेल्या बायका, आणि तिने मान वळवली नाही, शेवटच्या बाईपर्यंत बघत राहिली. पुढे काय करायचं, आईला काय सांगायचं, परत कधी जायचं, जायचं की नाही, यातलं काही ठरलेलं नव्हतं. फोनवर आल्हादचं नाव येऊन गेलं, पुन्हा आलं, तिने ते विझेपर्यंत पाहिलं. मग तिने आईला फोन लावला.

"आई, मी येतेय. एसटीत आहे. धुळ्याची गाडी, मधल्या दाराच्या मागची सीट. आत्ता पिंपळगावचा टोलनाका आलाय."

एवढं सगळं कशासाठी सांगते आहे, असं आईला वाटलं असावं.

"बरं," ती म्हणाली. "मी स्टँडवर येऊन थांबते."